यापैकी जे आधी होईल ते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘जुनी गाडी आणि तिचं तेलपाणी’ या विषयावर एका ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



या व्याख्यानमालेत आधी डॉक्टरांनी मधुमेहावर सांगितलं, मग बी-विंगच्या वहिनींनी गच्चीवरच्या बागेवर. सेक्रेटरी मला म्हणाले, ‘काका, आता तुमची पाळी.’ मी म्हटलं, अहो, माझी ३४ वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात गेली. मला दुसरं काय येतं? तर म्हणाले, ‘मग त्यावरच बोला. आपल्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या पंधरा वर्षांच्या वर गेल्यात.’

म्हणून उभा राहिलो. पण आधीच सांगतो, मी आज शहाणपण सांगायला उभा नाही, स्वतःची चूक सांगायला उभा आहे.

माझी मारुती ८०० तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. २००४ सालची, पांढरी, जिन्याजवळ उभी असते ती. जानेवारी २०२० मध्ये मी तिचं ऑइल बदललं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाडी जागेवर. नोव्हेंबरमध्ये आमच्या हिला अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी. जागा इथून तीन किलोमीटर. तीन जायचे, तीन यायचे. बाकी गाडी उभी. आजारपणात माणसाचं घड्याळ वेगळं चालतं. औषधांच्या वेळा पाठ होत्या, गाडीची कुठलीच तारीख लक्षात नव्हती. आणि खरं सांगू का, एकदोनदा लक्षात आली तेव्हा मी मीटर पाहिला आणि म्हटलं, अजून पाच हजार कुठे झालेत? साडेतीन वर्षांत गाडी चालली होती ३९०० किलोमीटर. आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं खोललेला माणूस मी, आणि मीटरवर विसंबलो.

ऑगस्ट २०२३. सिग्नलला गाडी उभी असली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तेलाच्या किटलीचं चित्र असतं ना, तो किंचित लुकलुकायचा. गाडी पुढे काढली की बंद. मी म्हटलं, वायरिंग असेल, पावसाळा आहे. आठवडाभर मी स्वतःला हेच सांगत होतो.

आणि एका रात्री दीड वाजता हिला एकदम दम लागला. झोपताच येईना. वॉचमनच्या मदतीने खाली आणलं, गाडीत बसवलं आणि निघालो. एक किलोमीटर गेलो असेन. लाल दिवा लागला तो विझेचना. ॲक्सिलरेटर दिला तरी विझेना. इंजिनातून टकटक आवाज सुरू झाला. हॉस्पिटल अजून दोन किलोमीटर.

त्या वेळी डोक्यात काय झालं असेल याची कल्पना करा. दिवा म्हणतोय थांब. शेजारी बायको धापा टाकतेय. हॉस्पिटल पाचशे मीटरवर असतं, तर मी इंजिनाचा बळी देऊन गाडी तशीच दामटली असती. पण दोन किलोमीटर होते. मध्येच इंजिन जाम झालं, तर गाडीही गेली आणि आम्ही अंधारात रस्त्यावर. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि वॉचमनला फोन लावला.

वॉचमनने ज्यांना उठवलं, त्यांची आणि माझी पार्किंगच्या एका पट्टीवरून चार वर्षं बोलाचाली बंद होती. त्यांची गाडी गेटजवळ होती, म्हणून त्यांना उठवलं, एवढंच. ते लुंगीवर आले. सहा-सात मिनिटांत आले. हिला त्यांच्या गाडीत घेतलं आणि आम्ही पोचलो. छातीत पाणी झालं होतं. आठ दिवस ॲडमिट होती. आज ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. तेही बसले आहेत, दोन रांगा मागे. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

आता गाडीचं काय झालं ते सांगतो, कारण तोच आजचा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून गॅरेजला नेली. डिपस्टिक काढली तर टोकाला नुसता काळा डाग. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या खालचं तेलाचं भांडं, उतरवलं. आत तेल थोडं आणि गाळ जास्त. काकवी थंडीत जशी घट्ट होते, तसा. आणि पंप ज्या जाळीतून तेल ओढतो, ती जाळी तीन हिस्से बुजलेली.

हे कसं होतं? नीट ऐका, कारण आपल्या निम्म्या गाड्यांत हेच चाललंय.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकून आश्चर्य वाटेल, पण हे साधं रसायनशास्त्र आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळाला की पाणीच होणार. ते बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. सकाळी सायलेन्सरच्या टोकाला थेंब दिसतात ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरते. तिच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोल, थोडी काजळी.

गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालली की तेल चांगलं तापतं आणि हे पाणी, हे पेट्रोल उडून जातं. तीन किलोमीटरवर गाडी बंद केली, तर तेल तापतच नाही. पाणी आतच राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. पाणी, काजळी आणि जुनं तेल यांचा मग गाळ होतो. म्हणजे माझी गाडी ‘कमी’ चालली नव्हती, ‘वाईट’ चालली होती. मुंबई-बंगलोर हायवेवर ३९०० किलोमीटर पळालेलं इंजिन माझ्या इंजिनापेक्षा कितीतरी चांगलं राहिलं असतं.

दुसरी गोष्ट, तेल म्हणजे नुसता गुळगुळीतपणा नव्हे. त्यात कंपनीने औषधं घातलेली असतात. काजळी धुऊन काढणारं एक, घाण तरंगती ठेवणारं एक, झीज रोखणारं एक, आम्ल मारणारं एक. ही औषधं वापरात संपतात. तेल बाटलीत दिसतं तसंच दिसेल, पण आतला जीव गेलेला असतो.

क्रँक फिरतो तो बेअरिंगवर, असं आपण म्हणतो. खरं तर तो बेअरिंगला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पडदा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. दाबाने तेल येत राहिलं की तो पडदा टिकतो. जाळी बुजली, पातळी उतरली, की दाब पडतो, पडदा फाटतो आणि लोखंडाशी लोखंड भिडतं. लाल दिवा सांगतो तो हा दाब. तो तेलाची पातळी सांगत नाही. पातळी सांगते डिपस्टिक. हा फरक मनात पक्का करा. दिवा लागेपर्यंत थांबणं म्हणजे ताप १०५ झाल्यावर थर्मामीटर शोधणं.

आता आमच्या पिढीचा एक खास घोटाळा सांगतो. आम्ही वाढलो बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरवर. पंपावर पेट्रोलमध्येच ऑइल घालायचो, ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. ‘इंजिन ऑइल बदलणं’ हा प्रकारच तिथे नव्हता. फार तर गिअर ऑइल. पुढे फोर-स्ट्रोक आली, मोटारी आल्या. त्यात तेच तेल आत फिरत राहतं. गाडी बदलली, पण आमची सवय बदलली नाही. आजची तुमची ॲक्टिव्हा, ज्युपिटर घ्या. तिच्यात तेल लिटरभरही नसतं. एवढ्याशा तेलावर ती रोज मुलाला क्लासला नेते, भाजी आणते, सगळं दोन-दोन किलोमीटरचं. ते तेल किती लवकर खराब होत असेल, याचा हिशेब घरी करा.

बरं, आता मुद्द्यावर येतो. तेलाकडे दुर्लक्ष झालंय, गाडी जुनी आहे. काय करायचं?

पहिलं, घाबरून लगेच इंजिन खोलू नका आणि लगेच भंगारातही काढू नका. आधी तपासा. डिपस्टिक बघा, पण आपल्या बेसमेंटच्या उतारावर नको, तिथे पातळी खोटी दिसते. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, काडी एकदा पुसून परत घालून मग बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. तेल काळं दिसलं म्हणून लगेच वाईट नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण बोटावर कचकचलं, घट्ट गाळ लागला, तर धोका आहे. तेल भरायच्या झाकणाला आतून पिवळट मलईसारखा थर असेल, तर थोड्या अंतराच्या फेऱ्यांचं पाणी साठलंय. आणि काडीवरचं सगळं तेलच दुधाळ झालं असेल, तर बहुधा रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. मग गाडी सुरूच करू नका, हेड गॅस्केट बघावं लागेल.

दुसरं, धूर बघा. सकाळी सुरू करताना एकदाच निळा भपका आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झाली आहेत. ते मोठं काम नाही. गाडी ओढताना सतत निळा धूर असेल, तर रिंगांकडे बोट जातं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, त्याचा तेलाशी संबंध नाही.

तिसरं, मेकॅनिकला कॉम्प्रेशन तपासायला सांगा. प्लग काढून तिथे गेज लावतात. नुसता आकडा विचारू नका, सिलिंडर-सिलिंडरमधला फरक विचारा. एखादा कमी आला, तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून परत तपासायचं. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या चमचाभर तेलाने तुमचं विनाकारण होणारं इंजिनकाम वाचू शकतं. मेकॅनिकने हे न करता ‘इंजिन करावं लागेल’ म्हटलं, तर चहा प्या आणि घरी या.

माझ्या गाडीत तीनपैकी दोन सिलिंडर ठीक होते, एक थोडा कमी. बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून आतला धातू दिसायला लागला होता. पण क्रँकवर ओरखडा नव्हता. का नव्हता? कारण त्या रात्री मी इंजिन बंद केलं. अजून एक-दोन किलोमीटर गेलो असतो, तर क्रँक गेला असता आणि मग सगळंच काम. आम्ही चेंबर, जाळी धुतली, बेअरिंग बदलली, ऑइल पंप तपासला. बोअर केलं नाही, पिस्टनला हात लावला नाही.

चौथं, गाळ झालेल्या इंजिनात फ्लश टाकायची घाई करू नका. बाजारात बाटल्या मिळतात, टाका आणि दहा मिनिटं चालवा म्हणतात. निगा राखलेल्या इंजिनाला त्याने फारसं बिघडणार नाही. पण वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला, की त्याचे तुकडे त्याच जाळीत जाऊन अडकतात. काल चालणारी गाडी आज बसते. त्यापेक्षा साधा, सावकाश रस्ता धरा. चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, ५०० किलोमीटरवर परत बदला, मग १००० वर, मग २००० वर. नव्या तेलातली औषधंच गाळ थोडा थोडा धुऊन आणतात. मी हेच केलं. पहिल्या वेळी काढलेलं तेल डांबरासारखं होतं. चौथ्या वेळी बोटावर घेतल्यावर बोट दिसलं. गाळ फारच असेल, तर आधी चेंबर उतरवून जाळी धुऊन घ्या, मग हे करा.

पाचवं, आवाज येतो म्हणून जाड तेल घालू नका. जाड तेलाने टकटक कमी ऐकू येते, झीज थांबत नाही. उलट सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत उशिरा पोचतं. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच घाला. डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा तापल्यावर किती जाड राहतं ते. शेजाऱ्याच्या नव्या गाडीत जे घालतात, ते आपल्या जुनीत घालायचं नसतं. आणि प्रमाणापेक्षा जास्तही ओतू नका. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा पडदा टिकत नाही.

आता आपल्या सोसायटीतल्या एका प्रथेबद्दल बोलतो, राग मानू नका. बरेच जण वॉचमनला सांगून जातात, ‘रोज सकाळी पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेव.’ मंडळी, हे करू नका. पाच मिनिटांत बॅटरीसुद्धा धड चार्ज होत नाही. तेल कोमटही होत नाही. रोज थोडं पाणी मात्र तेलात जातं. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालवून आणा. देहू-आळंदीला जाऊन या, दर्शनही होईल.

आणि काढलेलं जुनं तेल आपल्या गटारात किंवा बागेत ओतू नका, जाळू तर नकाच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. घरी बदलणारे दोघे-तिघे आहेत आपल्याकडे. त्यांनी ते डब्यात भरून, ते रीतसर जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं.

मुलगा मला म्हणाला होता, ‘बाबा, वीस वर्षांची गाडी, द्या स्क्रॅपला.’ त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणी नव्याने करावी लागते, ती पाच वर्षं चालते, मग परत. पत्रा कुजला असता, क्रँक गेला असता, तर मीही दिली असती. जुन्या गाडीवर प्रेम करावं, पण तिच्यासाठी कर्ज काढू नये. मी वहीत हिशेब मांडला. झालेल्या कामाचा खर्च एका बाजूला आणि दर वर्षी वेळेवर ऑइल बदललं असतं तर त्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. एका कामाच्या पैशात दहा-बारा वर्षांचं तेल आलं असतं. गाडी ठेवली, २०२४ मध्ये नोंदणी करून घेतली. ती अजून थोडं तेल पिते. दर रविवारी काडी बघतो, लागलं तर वर घालतो. आम्ही दोघंही म्हातारे आहोत, एकमेकांचं समजून घेतो.

शेवटी एकच वाक्य. तुमच्या गाडीचं पुस्तक उघडा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘१०००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते.’ जुन्या गाड्यांना मुदत त्याहून कमी. आपण सगळे पहिला अर्धा भाग वाचतो, किलोमीटरचा. निवृत्त माणसाची, उभी असलेल्या गाडीची, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांची मुदत दुसऱ्या अर्ध्या भागात असते. कमी चालणाऱ्या गाडीचं तेल तारखेवर बदलायचं, मीटरवर नाही. ती तारीख कुठे लिहायची? काचेवरचं स्टिकर उन्हात उडून जातं. आमच्याकडे कालनिर्णयवर हिने लिहिली आहे, गॅस सिलिंडर आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. उजव्या हाताने अजून नीट लिहिता येत नाही, डाव्या हाताने लिहिली आहे. त्यामुळे ती चुकवायची माझी हिंमत होत नाही.

गेल्या वर्षीपासून ती तारीख आली, की मी आणि ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दोन्ही गाड्या एकाच दिवशी गॅरेजला नेतो. पार्किंगच्या पट्टीचा वाद अजून मिटलेला नाही. तो येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. पण तोवर चहा एकत्र होतो.

ज्यांना घरी जाताना डिपस्टिक बघायची असेल, त्यांच्यासाठी मी खाली गेटजवळच्या सपाट जागेवर फडकं घेऊन थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.